साक्षीदार क्रमांक दोन

“द्या इकडं, आता करतो सही,” म्हणत धनाजीनं खिशातलं पेन काढलं.

वकील मंजुषाताईंनी टेबलावरचा कागद त्याच्याकडे सरकवला नाही. ते बिराप्पाचं मृत्युपत्र होतं. खाली बिराप्पाची सही, तिच्याखाली मेडिकलवाल्या चन्नबसप्पांची. ‘साक्षीदार क्रमांक दोन’ यापुढची रेघ कोरी होती. बिराप्पाला जाऊन सतरा दिवस झाले होते.

“ही सही त्यांच्यासमोर व्हायला हवी होती. दोन साक्षीदार नाहीत, तर हे मृत्युपत्रच नाही.”

“मागची तारीख टाकतो की. कुणाला कळतंय?”

“कोर्टात शपथेवर सांगाल, त्यांच्यादेखत केली म्हणून?”

“एकदा न्हाय, धा वेळा सांगतो.”

भिंतीजवळच्या खुर्चीवर बसलेली बिराप्पाची बायको अयोध्या तेव्हा पहिल्यांदा बोलली. “नगं भाऊजी. ते गेल्यावर त्यांच्या नावानं खोटं नगं.”

धनाजीनं पेनाला टोपण लावलं.

येरमाळ्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच नवे भरायचे. तीस वर्षांत त्याचा एक वेढा चुकला नव्हता. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला बिराप्पा रोज तिथं चहाला यायचा. माघात एकदा त्यानं हा कागद आणला.

“सही कर.”

“कशाचा हाय?”

“घर अयोध्याच्या नावावर करतोय. पहिलीची न् माझी पंचांपुढं काडी मोडली, पर कोर्टाचा कागद न्हाय. उद्या मी गेलो, तर हिला कोण इचारतंय?”

“मरणाच्या कागदावर म्या सही करू व्हय? दोस्ताला वाटंला लावू?”

“अरं, सहीनं मरत असतं का कुणी?”

“आधी येडाईची यात्रा होऊ दे. मग बघू.”

“भित्रा हायस लेका,” म्हणून बिराप्पा हसला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. नंतरही दोनदा त्यानं तो काढला. दोन्ही वेळा धनाजीनं चहाच सांगितला.

यात्रेला अकरा दिवस असताना बिराप्पा दात घासता घासता अंगणात खाली बसला, तो उठला नाही.

मंजुषाताईंनी विचारलं, “काडीमोड झाली तेव्हाचे पंच कुणी हयात आहेत? तुमच्यात ती रूढी आहे आणि तशी फारकत झाली, हे सिद्ध करावं लागेल. नाहीतर घर पहिल्या बायकोचं आणि तिच्या मुलाचं.”

अयोध्यानं मान हलवली. पाचही पंच गेले होते. बिराप्पाशी तिचा पाट लागला तेव्हाचा फोटोही नव्हता. बावीस वर्षं त्या घरात राहून तिच्याकडे दाखवण्यासारखं रेशनकार्ड तेवढं होतं.

“दावा लावता येईल. पण निकालाची खात्री देत नाही.”

“नगं ताई,” अयोध्या म्हणाली.

परतताना एसटीत धनाजी म्हणाला, “वहिनी, शिव्या तरी द्या.”

“कशापायी? तुमी मायेनंच न्हाय म्हणलात.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “ते म्हणायचे, धना वेढा चुकत न्हाय.”

महिन्यानं पहिल्या बायकोचा मुलगा कुमार लातूरहून आला. आवाज न चढवणारा मुलगा. अयोध्या येडशीला भाच्याकडे निघाली होती. टेम्पो दारात उभा होता.

“मावशी, मागनं कुणी काही बोलायला नको, म्हणून नेताय त्या सामानाची यादी केलीय,” कुमार म्हणाला. “काका, तुम्ही वाचून बघा.”

धनाजीनं वाचली. शिलाई मशीन एक. पत्र्याची पेटी एक. पातेली दोन, परात एक. टेम्पोत मशीनवर बिराप्पाचं घोंगडं पडलं होतं. ते यादीत नव्हतं. अयोध्याच्याही ते ध्यानात आलं. ती पुढं होऊन ते उतरवू लागली.

“असू द्या मावशी,” म्हणत कुमारनं यादी परत घेतली आणि शेवटी लिहिलं : घोंगडं एक.

खाली अयोध्यानं सही केली. शिपायाच्या बायकोला सही यावी म्हणून बिराप्पानंच ती गिरवून घेतली होती. तिच्या सहीखाली ‘साक्षीदार’ असं लिहिलेलं होतं. या कागदाला एकच पुरत होता.

“भाऊजी, करा,” अयोध्या म्हणाली.

धनाजीनं यादी टेम्पोच्या फाळक्यावर ठेवली, सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली.