घराचे कान

गिरणीच्या वस्तीत मुलगी पाहण्याची रीत सुटसुटीत होती. पाहुण्यांचा चहा होई आणि मुलाची आई मुलीच्या पाठीमागे हळूच पितळी भांडं फरशीवर टाकी. मुलगी दचकली नाही की लग्न ठरलं. गिरणीत कापडाच्या मागांच्या खडखडाटात चार वर्षं उभी राहिलेली मुलगी सहसा दचकत नसे. जिला ऐकूच येत नाही ती उलट काय बोलणार, असा साधा विचार. घरोघरी हातमाग होते तेव्हा सुना ऐकत आणि बोलतही. गिरणी आली आणि सासवांची ती अडचण दूर झाली. प्रगती म्हणतात ती हीच.

या घरातली आई आपल्या वेळी दचकली नव्हती. थोरलीही दचकली नाही. ती आता रांगतं बाळ घेऊन माहेरी आली होती. उरली धाकटी. दार वाजलं, बाळ उठलं, की ती आईचं नाहीतर ताईचं कोपर ओढायची. घराला कान होते ते तिचेच.

त्या सकाळी बापानं गिरणीत न्यायला धाकटीचा डबा भरायला सांगितलं. आईनं त्याच्या ओठांवरून ते ओळखलं.

"हिला राहू दे," ती म्हणाली. आपला आवाज किती चढतो हे तिला कळत नसे.

"हळू बोल. गल्लीला आमंत्रण आहे का?"

"घरात बाळ आहे."

"बाळाला आई आहे, आजी आहे. तुम्ही दोघी काय शोभेला?" बाप दुष्ट नव्हता, पोरीचं चांगलं व्हावं एवढंच त्याला वाटे. "उद्या भांडं पडल्यावर ही वळून बघेल. मग ठेव जन्मभर घरात."

 आईनं डबा भरला.

"आई, बाळ उठलं की…" धाकटी दारातून म्हणाली. पण आई तोवर पाठमोरी झाली होती.

बाळ आतल्या खोलीत उठलं. रडलं असेल. बराच वेळ रडलं असेल. कोणी येईना तेव्हा रांगत मोरीत गेलं. तिथे कपड्यांसाठी टब भरून ठेवला होता. भिंतीच्या अलीकडे मायलेकी शेंगा सोलत हातवाऱ्यांनी गप्पा मारत होत्या. हसतही होत्या.

मग थोरली आत गेली. तिच्या किंकाळीनं वस्ती गोळा झाली. आईला फक्त माणसं धावत येताना दिसली.

"अगं, दोघी घरात असून…" शेजारीण म्हणाली आणि मागे सरली. तिनंही सून भांडं टाकूनच आणली होती.

थोरलीच्या हातातलं भिजलेलं, निपचित बाळ पाहून आई उठली. अनवाणीच गिरणीत शिरली. मागांच्या रांगेत धाकटी दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. आईनं तिचं कोपर ओढलं.

मुकादम मागून ओरडला. बापही ओरडला. पोरीला कामावरून काढू, घर खाली करायला लावू, बरंच काही. आई चालत राहिली. मागून आलेली हाक तिला ऐकू येत नव्हती. तेवढी सोय गिरणीनंच करून ठेवली होती.

गल्लीच्या तोंडाशी धाकटी थबकली. घर अजून दूर होतं.

"आई, ताई का रडतेय?"

आईनं तिच्या ओठांकडे पाहिलं. थोरली अजून रडते आहे, हे तिला तेव्हा कळलं.