एक माणूस कमी पडला

चौथ्या दिवशी दुपारी आमच्याकडचे रूमी, म्हणजे पलीकडच्या ख्रिस्ती राज्याचे, कैदी संपले. नदीपलीकडे आमची तेरा माणसं अजून उभी होती, आणि त्यांत माझा धाकटा भाऊ सुवैद होता.

लामिस नदी तिथं फार रुंद नाही, जोर लावून दगड भिरकावला तर पलीकडे पडतो. तिच्यावर शेजारी शेजारी दोन लाकडी पूल घातले होते, एक आमचा, एक रूमींचा. इकडून एका रूमीनं त्यांच्या पुलावर पाय ठेवला की तिकडून आमचा एकजण आमच्या पुलावर निघणार. दोघांनी बरोबरीनं चालायचं, एक थांबला की दुसऱ्यालाही थांबवायचं. असे माणसाला माणूस देत चार दिवस गेले होते. सुवैदला सरहद्दीवरच्या छाप्यात धरून नेलं त्याला नऊ वर्षं झाली होती. मी त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, एका पायावर भार टाकून उभं राहायच्या त्याच्या सवयीवरून. आणि आता हे लोक सांगतात, देवाणघेवाण संपली, घरी जा!

माझं डोकं फिरलं. तसं ते लवकरच फिरतं, आमच्या तारसूस गावचे सगळे जीनगर तुम्हाला सांगतील. मी यादी लिहिणाऱ्या कारकुनाच्या अंगावर धावून गेलो.

"माझ्यावर कशाला ओरडतोस?" तो बिचारा घाम पुसत म्हणाला. "द्यायला माणूसच नाही उरला. तुझ्याकडे कुणी रूमी गुलाम आहे का? असेल तर आण, तुझा भाऊ पहिला सोडवतो. पण सूर्य मावळायच्या आत. आणि ख्रिस्तीच पाहिजे हां. कलमा पढलेलं माणूस तिकडे देता येत नाही."

गुलाम म्हणजे आमच्या घरात एकच होती. मुज्ना. ती माझ्याबरोबर आलीच होती, सुवैदला पहिला घास आपल्या हातचा द्यायचा म्हणून. आमची आई सुवैदच्या जन्मातच गेली. मुज्नाचं स्वतःचं मूल तेव्हा नुकतंच दगावलं होतं. तिनं सुवैदला दोन वर्षं अंगावर पाजलं, आणि मला, सहा वर्षांच्या उनाडाला, कानाला धरून वाढवलं. आमची ती दूधआई. आठ वर्षांची असताना रूमींच्या मुलखातून धरून आणलेली, तिथली भाषा कधीच विसरलेली. आता साठी आली होती. वडील मरताना म्हणाले होते, हिला मोकळी कर. मी हो म्हणालो आणि चालढकल करत राहिलो. घरातल्याच माणसाला मोकळं काय करायचं, असं वाटायचं मला. आळस, दुसरं काही नाही. मोकळी केली असती तर तिला कुणाला देण्याचा प्रश्नच उरला नसता.

ती झाडाखाली चूल मांडून मसूर शिजवत होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "काय रे, कुणाचं थोबाड फोडून आलास?"

मी सगळं सांगितलं. ख्रिस्तीच पाहिजे, हे शेवटचंही सांगितलं. ती आपणहून म्हणाली असं मी नंतर लोकांना सांगत आलो, ते खोटं आहे. मी विचारलं. तिच्यापुढे बसून, तिच्या डोळ्याला डोळा न देता विचारलं, जाशील का.

तिनं मसूर एकदा ढवळला.

"आणि मी पाच वेळा नमाज पढते, त्याचं काय?"

"काझीला सांगायचं, मालकाच्या धाकानं पढते."

"तुझ्या धाकानं?" ती हसली. "तुला चड्डी चढवली मी, मेल्या. तुझा धाक!"

मीही हसलो, आणि मग मला रडू आवरेना. मी म्हणालो, "दूधआई, नको. राहू दे. मी बोललोच नाही समज."

"गप बस. बोललास तर आहेस." तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "हे खाली उतरव. त्याला गरम गरम दे. मीठ कमी वाटलं तर वरून घालू नकोस, त्याला आवडत नाही."

पलीकडे द्यायच्या माणसाचा धर्म तपासणारा काझी बगदादहून आलेला, कोरड्या चेहऱ्याचा माणूस होता. रांगेत आमच्या पुढे मागे गल्लीतलेच दोन शेजारी आपापले रूमी गुलाम घेऊन उभे होते. मुज्नाचे रोजे त्यांना ठाऊक होते. त्यांनी माना खाली घातल्या.

"तू मुसलमान आहेस का, बाई?"

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. खरं सांगू? निम्मा जीव म्हणत होता, म्हण. निम्मा म्हणत होता, म्हणू नकोस.

"नाही, हुजूर. ख्रिस्ती आहे."

"नमाज पढतेस असं ऐकलं."

"मालक मारायचा, हुजूर. मारानं पढायची."

काझीनं माझ्याकडे असं बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. "धर्मात जबरदस्ती नसते, एवढंही कळत नाही तुला? शरम वाटू दे," तो म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. जन्मात हात उगारला नव्हता तिच्यावर, पण तिनं सांगितलेलं मला तेव्हा खोटं वाटलं नाही.

तुतारी वाजली. ती त्यांच्या पुलावर निघाली, तिकडून सुवैद आमच्या पुलावर. त्याची नजर पायाखाली होती. मधोमध आल्यावर त्यानं मान वर केली, पलीकडच्या पुलाकडे बघितलं आणि जागीच थांबला. शिपायांनी लगेच तिलाही थांबवलं. वाहत्या पाण्यावर दोघं समोरासमोर उभी.

"आई!" सुवैद ओरडला. "तू तिकडे कुठं?"

तो मागं फिरला असता तर नियमानं तीही मागं आली असती. मला तेवढंच ओरडायचं होतं, सुवैद, मागं फिर. माझ्या तोंडून निघालं, "चल पुढे! बघतोस काय, चल!"

"ऐकतोस ना?" तिनं त्याला हाक मारली. "मसूर गार होतोय. उचल पाय!"

तो हलला नाही. मग ती शिपायाचा हात झटकून भराभर चालत सुटली, म्हातारे पाय नेतील तितक्या वेगानं, आणि तिनं पलीकडे पाऊल टाकलं. आता त्याला दुसरी वाटच उरली नाही. पलीकडे तिला क्रुसाची खूण करायला सांगितलं असावं. तिनं डाव्या हातानं केली. कुणीतरी तिचा हात धरून उजव्या हातानं करून घेतली. रूमींनी जयघोष केला. सुवैद इकडे उतरला तशी आमची माणसं अल्लाहू अकबर गर्जली, आणि मीही गर्जलो.

"ती कशी गेली?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"तिला आपल्या माणसांत जायचं होतं."

"तिची माणसं?" त्यानं माझ्या बाहीला धरलं. "जुनादा, तिकडे सुटून आलेल्या तरण्यांना नातलग येतात न्यायला, नाहीतर जमीनदार येतात. म्हाताऱ्यांना कुणी नेत नाही. मी नऊ वर्षं बघितलंय तिथं."

पलीकडे गर्दी पांगू लागली होती. कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं, कुणी खेचरावर बसत होतं. मुज्ना वाटेच्या कडेला उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून काहीतरी विचारत होती. माणसं ऐकायची, मान हलवायची आणि पुढे जायची. तिचा आवाज पाण्यावरून पोचत नव्हता, पण ती कोणत्या भाषेत बोलत असेल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिला दुसरी येतच नव्हती.

सूर्य टेकला. शिपायांनी दोन्ही पुलांचे दोर कापले, फळ्या पाण्यात पडल्या. सुवैद नदीत उतरला, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मी मागून जाऊन त्याला मिठी घातली.

"तिनं एवढं केलंय, ते वाया घालवू नकोस," मी म्हणालो.

"सोड मला."

मी सोडलं नाही.