डाव्या मडगार्डाचा पोचा

दगडाबाईनं मोटारीभोवती तीन चकरा मारल्या आणि चौथीला नाक मुरडलं. मानवतच्या माणिकराव सावकारानं आपली मोटार अंगणात कडुनिंबाखाली धुऊन-पुसून उभी केली होती, नवरी दाखवायला बसवावी तशी. पण धुतल्यानं का कुठं वय लपतं? टपाला चार ठिगळं. एक दिवा फुटलेला, म्हणजे बया काणी. गाद्यांतून काथ्या बाहेर आलेला. आणि पुढच्या डाव्या चाकावरचं मडगार्ड असं आत चेपलेलं, की त्या पोच्यात शेरभर ज्वारी मावावी.

त्या पोच्यावर दगडाबाईनं नजर ठरू दिली नाही. चार वर्षं जी जागा बघायला तिचा जीव तळमळला, ती आल्या आल्या डोळ्यांनी दाखवून द्यायला ती काही खुळी नव्हती.

चार वर्षांमागं पेडगावच्या शिवारात भर दुपारी तिचा मालक मुंजाजी बैलाला पाणी पाजून आणत होता. मागून मोटार आली, पाखऱ्या बैलाला धडक दिली आणि धुरळा उडवत निघून गेली. बैल जागीच गेला. त्या मुलखात मोटार एकच, माणिकरावाची. मुंजाजीनं चावडीत तसं सांगितलं. माणिकराव आला, त्यानं चारचौघांत बेलभंडार उचलला आणि शपथेवर बोलला, की त्या दिवशी आपली मोटार मानवतला दारात उभी होती. झालं! सावकाराचा बेलभंडार खरा आणि कुणब्याचे डोळे खोटे. भावकीनं ठरवून टाकलं, मुंजाजीनंच रागाच्या भरात बैलाच्या टाळक्यात कुऱ्हाडीचा तुंबा घातला.

ज्याच्या हातून बैल जातो त्यानं गळ्यात दावं बांधायचं, तोंडानं शब्द काढायचा नाही, आणि दारोदार हंबरून भीक मागायची. मुंजाजी सव्वा महिना हंबरला. माणिकरावाच्या दारातसुद्धा हंबरला. सावकार वट्यावर दात कोरत बसला होता, त्यानं मान वर करून बघितलं नाही. पुढं दावं सुटलं, पण ‘बैलमाऱ्या’ हे नाव सुटलं नाही. पेरणीला कुणी मुंजाजीला बैल देईना. पोळ्याला त्याची जोडी सगळ्यांच्या मागं. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा.

अशात कानावर आलं, सावकार मोटार विकायलाय. त्याला हैदराबादेहून नवी आणायची हौस, आणि जुनी खपल्याशिवाय नवीची हौस पुरी होईना. ह्या पोच्यामुळं दोन गिऱ्हाइकं आधीच माघारी गेली होती, एक सेलूचं, एक जिंतूरचं. दगडाबाईनं राणीसावरगावच्या पाटलाची बहीण म्हणून सांगावा धाडला. खोटं काय त्यात? माहेर तिचं तेच होतं. संगतीला भुजंग हेडी घेतला. भुजंग बैलांचा दलाल. गंगाखेडपासून मानवतपर्यंत एक बाजार तो चुकवत नसे, आणि जे तो बोलला ते लोक देवाच्या कौलासारखं मानत. तिचा थोरला काशीनाथ परभणीत मोटार चालवायला शिकून आला होता. ठेसनापासून खेड्यापाड्यांत माणसं वाहायची, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. आपण मोटार घ्यायलाच चाललोय, असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर दगडाबाईचंही ठरलं नव्हतं. कापसाचा पैका कमरेला बांधलेला होता आणि मनात दुसरंच गाठोडं होतं.

मुंजाजीही संगतीला आला होता, तो कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. माणिकरावानं त्याला पाणी विचारलं, “घ्या कारभारी,” म्हणून तांब्या पुढं केला. ओळखलं नाही. ज्याचा सव्वा महिना ह्यानं मातीत घातला, त्याचं तोंडसुद्धा ह्याच्या ध्यानात नव्हतं. दगडाबाईच्या टाळूला आग लागली. तिनं पदर सारखा केला, बस.

सौदा भुजंगनं मांडला. बाजाराच्या रिवाजानं होऊ द्या, म्हणाला. बैल विकताना मालक जनावराच्या पाठीवर हात ठेवतो आणि त्याच्या खोडी आपल्या तोंडानं बोलतो. लपवलेली खोड मागून निघाली, तर जनावर दारात परत. माणिकरावाला हसू आवरेना. मोटारीला का शेपूट हाय, म्हणाला. पण गिऱ्हाईक तिसरं होतं. त्यानं मोटारीच्या नाकाडावर हात ठेवला आणि हसत हसत एकेक खोड सांगितली. टप गळतो. दिवा बाभळीच्या फांदीनं फुटला. थंडीत हँडल मारून मारून खांदा निखळतो. मडगार्ड म्हणाल तर, एकदा चिंचेला लागलं.

“लागलं, का आदळलं?” दगडाबाईनं विचारलं.

आदळलं म्हणा, सावकार बोलला.

मग दगडाबाईनं तोंडाचा पट्टा सोडला. म्हणाली, गाडी झाडावर आदळली की चाक दिसतं धड, पण आतला आस वाकतो. वाकल्या आसाची गाडी जन्मभर एकीकडं ओढती आणि एक दिवस माणसासकट नाल्यात जाती. आमच्याकडं असली गाडी चुलीत घालतेत, जुपत न्हाईत. पोटचं पोरगं बसवायचं हाय मला हिच्यात. ठिगळं चालतील, काणी चालंल, कंबर मोडकी न्हाई चालणार. काशीनाथ मधे बोलायला लागला, की आस बघितलाय, सरळ हाय. तिनं त्याला डोळ्यानंच बसवलं. उठली, लुगडं झटकलं, चला म्हणाली. भुजंगनं पागोटं उचललं. ती फाटकापर्यंत गेली आणि मागं वळून बघितलं नाही.

“थांबा बाई,” माणिकराव मागून बोलला. “झाड नव्हतं.”

दगडाबाई थांबली. पाठ तशीच ठेवून म्हणाली, “मग काय होतं?”

“बैल होता. बैलानं कुठं आस वाकतोय? मास ते, मऊ. पत्रा तेवढा दबला.”

“कुठला बैल म्हणायचा?”

“असंल पेडगावकडचा. चार वरसं झाली त्याला. मिटलं ते सगळं.”

भुजंग तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा तळव्यावरच थांबला. बेलभंडाराची गोष्ट त्यानं बाजारात दहा वेळा ऐकलेली. दगडाबाई आता वळली.

“भुजंगदादा, ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं, आक्का.” तो हळू बोलला. “हात मोटारीवर हाय अजून मालकाचा.”

माणिकरावानं चटका बसावा तसा हात काढला. दगडाबाईनं मुंजाजीला हाक मारली. “अवं, या इकडं. जरा तोंड दावा सावकारांना. मागच्या बारीला गळ्यात दावं होतं, मान वर निघंना, म्हणून वळखलं न्हाई त्यांनी.”

मुंजाजी उठून आला. माणिकराव मोटारीच्या पायरीवर बसला. मग तो भराभर बोलायला लागला. आधी अर्ध्या किमतीत घ्या म्हणाला. मग म्हणाला, निजामाचा एक हाली रुपयासुद्धा नको, तशीच घेऊन जा, आताच्या आता. फक्त ही गोष्ट अंगणाबाहेर जाऊ नये.

काशीनाथ मोटारीत चढून वळवायच्या चक्करला हात लावून बसला होता. दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा तिचं पाऊल अडखळलं. पोराच्या तोंडावर असं ऊन तिनं कधी बघितलं नव्हतं. आणि सूड म्हणाल तर त्यातही होताच की! हीच मोटार, हाच पोचा, रोज पेडगावच्या वेशीतून भोंगा वाजवत न्यायचा. बघा म्हणायचं, डोळे फुटले नसतील तर बघा. तिला गोड वाटलं ते. पण लोक काय म्हणतील? बैलाचं मोल घेतलं आणि गप बसली. बेलभंडार खरा तो खराच राहील, आणि तिचा नवरा मरेपर्यंत बैलमाऱ्या.

मुंजाजीनं पोच्यात पंजा ठेवला होता. “एवढंच कपाळ होतं त्याचं,” तो म्हणाला.

दगडाबाईचं ठरलं.

“नको,” ती म्हणाली. “टप फाटका, दिवा फुटका, सगळं चाललं असतं मला. पर सावकार, जिथं गळंल तिथं ठिगळ लावायला माझं तोंड म्हंजे तुमच्या मोटारीचा टप न्हाई.”

आणि भुजंगला तिनं बजावलं, आज इथं जेवढं ऐकलंस तेवढंच बाजारात सांग. पदरचं मीठ घालू नको, ह्याला मुळातच चव हाय. माणिकराव उठून हात जोडायला लागला तेव्हा ती छकड्यात चढलीसुद्धा होती.

वाटेत काशीनाथ गुरकावला, “फुकट मिळत होती, माय.”

“तुझ्या बापाच्या नावाच्या बदल्यात मिळत होती. त्याला फुकट म्हणतेत व्हय रं?”

पोराचा राग बरेच दिवस राहणार हे तिला कळत होतं. राहू दे, ती मनात म्हणाली, रागानं कुणी हंबरत नाही.

दिवस कासराभर उरला होता. चार वर्षं मुंजाजी गावात शिरायचा तो मागच्या पांदीनं, चोरासारखा. आज पांदीचा फाटा आला आणि त्यानं कासरा ओढला नाही. छकडं सरळ वेशीतून चावडीपुढं निघालं. दगडाबाई ताठ बसली आणि वट्यावट्यावर कोण बसलंय ते बघत निघाली. एका वट्यावर सटवाजी सुपारी कातरत होता. मुंजाजीच्या गळ्यात दावं बांधताना गाठ घट्ट मार म्हणणारा तो हाच, भावकीतला मोठा शहाणा. तिनं छकडं थांबवायला लावलं.

“भावजी,” ती गोड आवाजात म्हणाली, “उद्या भुजंगदादाला घिऊन येती तुमच्याकडं. घरीच ऱ्हावा.”