उलटा मासा

आमच्या घरात कुणाच्याही हातून काहीही चुकलं, की त्याला 'उलटा मासा' म्हणतात. भाजीत मीठ दोनदा पडलं, उलटा मासा. वहिनी चुकीच्या बसमध्ये चढली, उलटा मासा. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर तारीख चुकली तेव्हा चूक छापखान्याची होती, छापखानेवाल्याने हात जोडून माफीही मागितली होती, तरी सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं आणि एका सुरात म्हटलं, उलटा मासा! दादाची मुलं तर मला मासेआत्याच म्हणतात. मीही हसते. एकतीस वर्षं हसतेय.

हा मासा आला कुठून, ते सांगते. मी दहा वर्षांची होते आणि दादा तेरा. आमच्याकडे टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता आणि त्याची एकच कॅसेट. वरचं लेबल फाटलेलं, त्यामुळे खेळाचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही त्याला 'दिवेवाला' म्हणायचो. एक बुटका माणूस हातात पलिता घेऊन मनोरा चढायचा आणि मजल्यामजल्यावरचे दिवे लावत जायचा. वटवाघळं यायची, शिड्या तुटायच्या. मजले बारा. मी त्या बुटक्यावर जीव टाकला होता. रात्री झोपताना त्याला पायऱ्यांवर थंडी वाजत असेल का, याची मला खरोखरची काळजी वाटायची.

मशीन बंद केलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक मजला संपला की पडद्यावर आठ चित्रांची ओळ यायची. किल्ली, चंद्र, घंटा, छत्री, मासा. मासे दोन प्रकारचे, एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे. ती ओळ वहीत काढून ठेवायची आणि पुढच्या वेळी तशीच्या तशी टाकायची, मग खेळ तिथूनच सुरू. खेळायचा दादा, कारण जॉयस्टिक एकच आणि ती त्याची. चित्रं काढायची मी. अकरा मजल्यांच्या अकरा ओळी मी चौकटी आखून, पेन्सिलीला टोक करून काढल्या होत्या. आणि शपथ घेतली होती, दोघांनीही, की बारावा मजला एकत्र बघायचा.

अकरावा संपला, मी ओळ काढली आणि दुसऱ्या दिवशी मला कांजिण्या आल्या. आठ दिवस मागच्या खोलीत. बरी होऊन बाहेर आले ती थेट टीव्हीसमोर. मी वहीत बघून वाचत गेले, दादा टाकत गेला. भोंगा वाजला, पडदा लाल. चुकीची ओळ. दादाने वही ओढून घेतली, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मासा उलटा काढलायस." मी म्हटलं, मग सुलटा टाकून बघ. पुन्हा भोंगा. "म्हणजे अजूनही काहीतरी चुकवलंयस." मी म्हटलं, अकरावा परत खेळ ना. तर म्हणे, "कंटाळा आला मला त्याचा." महिनाभर ज्याच्यासाठी जेवण विसरत होता, त्याचा आठ दिवसांत कंटाळा! मी दहा वर्षांची होते, मला त्यातलं काही खटकलं नाही. मला एवढंच कळलं, की माझ्यामुळे तो बुटका अकराव्या मजल्यावर अंधारात अडकला. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे मशीनची वायर जळली आणि ते भंगारात गेलं. मासा मात्र राहिला.

आज मी इस्पितळाच्या औषध विभागात आहे. सतरा वर्षं झाली. आमच्याकडे एक नियम आहे. एकीने औषध काढायचं, दुसरीने चिठ्ठीही बघायची आणि पाकीटही बघायचं, मोठ्याने वाचायचं आणि मोठ्याने 'बरोबर' म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नाही. मी त्यावर स्वतःचा तिसरा फेरा मारते. बाकीच्या जणी माझी थट्टा करतात, पण अवघड वॉर्डाच्या चिठ्ठ्या गुपचूप माझ्याकडेच सरकवतात. घरी मात्र मी मासेआत्या.

आता मुद्द्यावर येते. आई एकटी राहते, तिच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, आणि तिला तिथेच राहायचं आहे. तिला गोळ्या सहा. त्यांचा तक्ता दादाने केला. दादा शाळेत उपमुख्याध्यापक आहे, त्याला तक्त्यांची भारी हौस. कॉम्प्युटरवर टाइप केलेला, रंगीत रकान्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण लेकाने केलाय म्हणून कौतुक. गेल्या महिन्यात तिने सकाळची लघवीची गोळी रात्री घेतली. रात्रभर फेऱ्या, सकाळी चक्कर आणि बाथरूममध्येच खाली बसली. हाड मोडलं नाही, हे नशीब.

झालं. दादाने जाहीर केलं, "आईला आता एकटं ठेवता येणार नाही. एक तारखेपासून ती आमच्याकडे." आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अरे, तिचं डोकं शाबूत आहे, तुझा तक्ता वाचता येत नाही तिला. मी चित्रांचा तक्ता करून देते, मोठा, दारासमोर लावू. मला वाटलं, आता तरी माझ्या सतरा वर्षांचा काही उपयोग होईल.

तर उपमुख्याध्यापक काय म्हणाले? "तू चित्रं काढणार? नको बाई. तिथे मासा उलटा निघाला तर? आईच्या जिवाचा प्रश्न आहे."

वहिनी हसली. मुलं हसली. आणि आईसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून. ते मला लागलं. फार लागलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले नाही.

त्याच आठवड्यात आईचे जुने रिपोर्ट शोधताना माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत कॅसेट आणि माझी वही. चौकटी तशाच. मी ते घेऊन सरळ आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो जुनी मशीन जमवतो, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्याने कॅसेट उघडली, पितळी दात खोडरबराने घासले, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि एका जाडजूड टीव्हीला मशीन जोडून दिलं. "चालली तर तुमचं नशीब," म्हणाला.

चालली. तोच किरकिरा सूर, तोच बुटका. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ओळ टाकली. किल्ली. डावा मासा. चंद्र. घंटा. डावा मासा. छत्री. उजवा मासा. किल्ली. वहीत होती तश्शी. एक चित्र इकडचं तिकडे नाही.

भोंगा वाजला नाही. बारावा मजला उघडला.

मी तिथेच बसून राहिले. बुटका पलिता घेऊन उभा होता, मी बटण दाबायची वाट बघत. एका वटवाघळाने त्याला मिनिटभरात खाली पाडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, अहो, उडी मारायला हवी होती." मी त्याला म्हटलं, "भाऊ, उडी राहू द्या. माझी ओळ बरोबर होती, ती बघितलीत ना तुम्ही?" तो गांगरून हो म्हणाला. मी त्याला पडद्याशेजारी वही धरायला लावली आणि फोटो काढला.

शनिवारी दादा आईकडे गोळ्यांच्या बाटल्यांचा डबा भरायला येतो. मी आधीच जाऊन बसले. तो आला, चष्मा लावला आणि तक्त्याचे रकाने बघायला लागला. मी फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"बारावा मजला. माझ्या ओळीने उघडला. मासा सुलटा होता."

त्याने बराच वेळ बघितलं. "अरे वा," म्हणाला. "मग टाकताना माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल. लहान होतो गं."

मी तेवढ्यावर सोडलंही असतं, खरं सांगते. चुकतो माणूस. मी चुकांचंच तर काम करते. पण आई आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "कुठला खेळ? तो पलितेवाला? तो तर तू जिंकला होतास ना रे?"

दादाने गोळ्यांच्या डब्यात डोकं घातलं.

"नाही का, हिला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा?" आई साध्या सुरात सांगत होती. तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं ती काय बोलतेय. "पलंगावर नाचत होतास, जिंकलो जिंकलो म्हणून. मीच दटावलं, हळू ओरड, ती आत झोपलीये."

माझ्या कपातला चहा बशीत सांडला.

"दादा," मी म्हटलं, "वर बघ."

त्याने वर बघितलं. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस, शाळेत पोरं ज्याला टरकतात, तो तेरा वर्षांच्या पोरासारखा लाल झाला होता.

"मी फक्त ओळ चालते का ते बघणार होतो," तो म्हणाला. "चालली. मग थांबवलंच नाही. तू शपथ घातली होतीस. तुझ्यासमोर पुन्हा खेळलो असतो तर मी तो मजला आधीच बघितलाय हे तुला कळलं असतं आणि तू रडली असतीस."

"मी रडलेच! माझ्यामुळे सगळं बिघडलं म्हणून रडले! तुझ्यामुळे रडले असते तर निदान तुला दोन रट्टे तरी घातले असते. मी वाचत होते आणि तू माझ्यादेखत खोटी ओळ टाकत होतास. दोनदा!"

"अगं, पोरवयातली गोष्ट..."

"पोरवयातली? याच आठवड्यात काय म्हणालास या खोलीत? आईच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणालास. माझ्या लग्नात म्हणालास. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी फोन करून म्हणालास, बघ हं, मासा उलटा देऊ नकोस. त्या दिवशी मी दर पाकीट पाच पाच वेळा उघडून बघितलं आणि घरी येऊन उलटी केली, ठाऊक आहे तुला?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मग तो जे बोलला, ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तसं बघितलं तर तू इतकी काटेकोर झालीस, ती त्याच्यामुळेच."

"उपकार झाले! आता त्याची पावती फाडू का?"

आई मध्ये पडली. "पुरे गं. एवढ्याशा माशासाठी..."

"आई, तू हसलीस," मी म्हटलं. "मी तुझ्या गोळ्यांचं बोलत होते आणि तू हसलीस."

 आईने माझ्यापुढचा सांडलेला कप उचलला, पुसला आणि परत ठेवला. "चुकलं माझं," ती म्हणाली. आमच्या आईच्या तोंडून हे शब्द मी याआधी ऐकलेले नव्हते.

मी कपाटाचं दार उघडलं, दादाचा रंगीत तक्ता टरकन ओढून काढला. आणलेला मोठा कागद टेबलावर पसरला, चौकटी आखल्या, पेन्सिलीला टोक केलं.  उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. सहा गोळ्यांना सहा चित्रं. झोपेच्या गोळीला घंटा. हाडांच्या गोळीला शिडी. आणि लघवीच्या गोळीला मी मासा काढला. सकाळच्या सूर्याखाली, डावीकडे बघणारा. तसाच मासा तिच्या बाटलीवर. प्रत्येक बाटलीवर तिचं चित्र चिकटवलं.

"आई महिनाभर याच्यावर राहील," मी म्हटलं. "याच घरात. एक जरी चूक झाली तर मी स्वतः तिची बॅग भरून तुझ्याकडे सोडेन."

आई पटकन म्हणाली, "नाही होणार."

मग मी डॉक्टरांची चिठ्ठी दादाच्या हातात दिली. "आमच्याकडे एकीने काढलं की दुसऱ्याने वाचायचं असतं. चिठ्ठी बघ, तक्ता बघ, बाटली बघ आणि वाच."

"सगळं?"

"सगळं. मोठ्याने."

उपमुख्याध्यापक उभे राहिले. चष्मा सारखा केला. एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, शिडी, दुपारी एक, बरोबर. घंटा, रात्री अर्धी, बरोबर. आई खुर्चीत पुढे सरकून त्याच्या बोटामागे बघत होती आणि प्रत्येक चित्र त्याच्या आधी ओळखत होती. शेवटची ओळ आली.

"मासा," तो म्हणाला. "सकाळी एक."

"कुठे बघतोय?"

"डावीकडे."

"मग?"

त्याने चिठ्ठी बघितली, बाटली बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तेव्हाही बरोबर होता."

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "पुन्हा वाच."