आठ तळी मी रिकामी केली

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. पण शेत नांगरणारा नव्हे, चर पाडणारा. नांगर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे फाळ येईल. मला फाळ नाही. पुढे एक रुंद, किंचित वाकलेले पाते, त्यामागे माती साठवायची लोखंडी पेटी आणि खाली दोन चाके, एवढाच माझा देह. ट्रॅक्टरला जोडले की मी माती खरवडतो, पेटीत भरतो आणि दूर नेऊन ओततो. माझी गोष्ट कौतुकाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती सांगताना आजही मला मान खाली घालावी लागते.

पंचावन्न वर्षांपूर्वी, कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका खेड्यात, पानास नावाच्या लोहाराने मला घडवले. रस्ते सपाट करणाऱ्या एका मोडक्या यंत्राचे पाते त्याला मिळाले होते. त्याने ते तापवले, ठोकले, धार लावली. "हा गंजेल, पण वाकायचा नाही," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर हातोडा आपटला. ते ऐकून मला भारी अभिमान वाटला होता. तेव्हा मी कोरा होतो आणि अक्कलही कोरीच होती.

मला विकत घेतले ते नेस्तोर हारासिमचुकने. गव्हाचा शेतकरी, तरुण, कामाला वाघ आणि हट्टाला त्याहून मोठा. त्याच्या शेतात नऊ तळी होती. गावातले लोक त्यांना डबकी म्हणत. त्यातले एक खोल, बारमाही. उरलेली आठ गुडघाभर पाण्याची. बर्फ वितळला की ती भरत आणि ऐन उन्हाळ्यात आटून जात. पेरणीच्या वेळी मात्र प्रत्येक डबक्याला वळसा घालून ट्रॅक्टर हाकावा लागे, आणि नेस्तोर दर वळशाला एक शिवी घाले.

त्याची बायको दोकिया मात्र त्यांना तळीच म्हणे. मार्च महिन्यात त्यांच्या युक्रेनी लोकांत चाळीस संतांचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी कणकेची पाखरे भाजतात आणि ती हातात धरून परदेशी गेलेल्या पक्ष्यांना परत बोलावतात. दोकियाची रीत थोडी निराळी होती. ती मोजून नऊ पाखरे भाजायची, मनुकांचे डोळे लावायची आणि बर्फ तुडवत जाऊन प्रत्येक तळ्याच्या काठावर एकेक ठेवून यायची. तिचे सगळ्यात लाडके तळे स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होते. महिनाभरात तिथे तलवार बदके उतरत. लांब टोकदार शेपटीचे नर शिटी घातल्यासारखे हळू बोलत, आणि दोकिया हातातले काम टाकून ऐकत राही.

एका शरद ऋतूत बहिणीच्या बाळंतपणासाठी ती सहा आठवडे विनिपेगला गेली. तेवढ्यात नेस्तोरने मला ट्रॅक्टरला जोडले.

मित्रांनो, मी किती जोमाने काम केले म्हणून सांगू! तळ्याच्या काठाची एक कड फोडायची आणि तिथून ओढ्यापर्यंत चर पाडायचा. सहा आठवड्यांत आठही तळी मी फोडली. खिडकीजवळचे शेवटी. तिथे गवतात एक जुने घरटे होते, आईने आपल्याच छातीची पिसे उपटून ऊब केलेले. माझ्या पात्याने ते मातीबरोबर उचलले. काही मऊ पिसे माझ्या चाकाच्या वंगणाला चिकटली. नेस्तोरने ती चिंधीने पुसली. सगळी निघाली नाहीत.

दोकिया परतली तेव्हा नेस्तोर अंगणातच उभा होता, बक्षीस मिळालेल्या मुलासारखा.

"बघ, एकसारखी झाली की नाही जमीन? आणि तुला विसरलो नाहीये हां. सगळ्यात मोठं तळं तुझ्या बदकांसाठी ठेवलंय. खोल, बारा महिने पाणी!"

दोकियाने हातातली पिशवी खाली ठेवली. "खोल पाण्यावर एप्रिलमध्ये बर्फ असतो, नेस्तोर. उथळ पाणी आधी तापतं, त्यातले किडे आधी जागे होतात. उपाशीपोटी आलेली ती पाखरं काय बर्फ चावतील?"

"अगं, पाणी ते पाणी!"

"मला विचारलंस का?"

मी तिथेच, तिच्यापासून चार पावलांवर, चकचकीत पात्यानिशी उभा होतो.

पुढच्या मार्चमध्ये तिने एकच पाखरू भाजले. नेस्तोर ताटाकडे बघत म्हणाला, "एकच?"

"तळं एक, पाखरू एक," ती म्हणाली आणि खिडकीचा पडदा ओढला.

एप्रिलमध्ये तलवार बदके आली. ती जुन्या जागेवर घिरट्या घालत राहिली. मग खोल तळ्याच्या बर्फावर जाऊन बसली. एक दिवस बसली, दुसऱ्या दिवशी उडून गेली. मागे राहिलेल्या दोन माद्यांनी कापलेल्या गव्हाच्या खुंटांत अंडी घातली, ती पेरणीच्या यंत्राखाली गेली. हे सगळे मी गोठ्याच्या सावलीतून पाहिले. मला ओढणारा दुसरा होता, मला हात नव्हते, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण खरे सांगतो, मित्रांनो, ते काम करताना मला आनंद होत होता. माझा अपराध तिथेच आहे.

गावाने मात्र मला डोक्यावर घेतले. शेजारीपाजारी मला मागून नेत. उन्हाळ्याच्या जत्रेत माझ्या पात्याला लाल फीत बांधून मिरवणूक काढली. फक्त तिमको तेवढा कुरकुरायचा. तिमको हा ओढ्याच्या खालच्या अंगाचा शेजारी. नेस्तोरच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, त्यामुळे दोघे एकमेकांना 'कुमे' म्हणत. बर्फ वितळला की आठ तळ्यांचे पाणी एकदम त्याच्या अंगणात शिरे.

"कुमे," तो कुंपणावरून ओरडायचा, "तुझ्या कृपेनं माझ्या कोंबड्या पोहायला शिकल्या. आता त्यांना बदकं म्हणून विकू का?"

नेस्तोर हसण्यावारी न्यायचा. वर्षे गेली. चर पाडण्यासारखे काही उरले नाही, तशी माझीही गरज संपली. मला झुडपांच्या रांगेमागे टाकून दिले. माझी चाके मातीत रुतली, पेटीत उंदरांनी संसार थाटले. कुणी माझ्याकडे फिरकले नाही आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. आपल्याला हेच मिळायला हवे होते, असे मी मनाशी म्हणायचो.

दोकिया मात्र दर मार्चला एकच पाखरू भाजत राहिली. भांडली नाही, रडली नाही. तिने ओरडून घेतले असते तर बरे, असे नेस्तोरला वाटत असावे. मग तिची नजर अधू होत गेली. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तिला पाखराच्या डोळ्यांच्या जागी मनुका बसवता येईना. तिने कणीक तशीच बाजूला सारली.

"राहू दे. दिसत नाही ते नाही. कान अजून शाबूत आहेत माझे. पण ऐकायला आहे काय इथे?"

त्या वेळी नेस्तोर एक्याऐंशी वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी तो झुडपांमागे आला. माझ्यासमोर टोपी काढून त्याने डोके खाजवले. "चल रे," तो म्हणाला, "आपण दोघांनी मिळून केलंय हे." मित्रांनो, मला कुणी त्याच्या बरोबरीचा धरले, ते आयुष्यात पहिल्यांदाच. शरमेने मी आणखी गंजलो असतो, पण गंजायला जागा उरली नव्हती.

जमीन मोकळी होताच त्याने घाईने खिडकीजवळचा चर बुजवला, तोही जवळच्या काळ्या मातीने. दोकियाला काही सांगितले नाही. पाणी साठले की तिला हात धरून न्यायचे, असा त्याचा बेत. जूनमध्ये दोन दिवस जोराचा पाऊस झाला. पाणी चढले आणि तिसऱ्या सकाळी आमचा बांध विरघळून ओढ्याला गेला. तिमको काठी टेकत आला आणि चिखलाकडे बघून मान हलवू लागला.

"कुमे, तुझ्या आजीनं मातीची चूल कशानं लिंपली होती? काळ्या मातीनं?"

"चिकणमातीनं."

"मग? काळी माती गव्हाला. पाणी अडवायचं तर पिवळी चिकण हवी, चार बोटांचा थर, प्रत्येक थर तुडवून. एवढा म्हातारा झालास, आजीकडून काही म्हणजे काही शिकला नाहीस!"

शरद ऋतूत आम्ही पुन्हा कामाला लागलो. खोल तळ्याच्या काठची पिवळी माती मी पेटीत भरून आणायचो, पातळ थर ओतायचो, नेस्तोर त्यावर ट्रॅक्टर मागेपुढे फिरवायचा, आणि तिमको कडेला उभा राहून चुका काढायचा. माझ्या चाकांची कुरकुर मैलभर ऐकू जात असेल. तिसऱ्या दिवशी दोकिया काठीने चाचपडत आली. तिने तो आवाज ओळखला होता. इतक्या वर्षांनीही ओळखला होता.

"आता काय राहिलंय खणायचं?" तिने विचारले. "ते एक उरलंय, तेही फोडतोयस का, म्हाताऱ्या?"

नेस्तोरने ट्रॅक्टर बंद केला. त्याला खाली उतरायलाही सुचेना. "खणत नाहीये गं. बुजवतोय. खिडकीजवळचा चर."

ती पुढे आली. तिचा हात माझ्या पात्यावरून फिरला, कडेपर्यंत जाऊन थांबला. "हाच ना तो?"

"हाच."

"आणि तूच."

"मीच," नेस्तोर म्हणाला. "विचारायला हवं होतं तुला. चुकलो."

तिने काठीने माझ्या पेटीवर एक जोराचा टोला दिला. तो मला मनापासून बरा वाटला. "पाखरं आली तर बोलू," असे म्हणून ती घराकडे वळली.

यंदाच्या मार्चमध्येही तिने एकच पाखरू भाजले. एप्रिल आला. बर्फ वितळला, बांध टिकला, खळग्यात गुडघाभर पाणी चमकू लागले. मी बांधाच्या टोकाला उभा होतो. खाली चिखलात इतकी वर्षे दबून राहिलेल्या गवताचे बी फुटत होते. आठवडा गेला. दुसरा गेला. नेस्तोर रोज सकाळी दोकियासाठी बांधावर खुर्ची मांडायचा आणि स्वतः दूर जाऊन उभा राहायचा. जवळ उभे राहायची त्याची छाती होत नव्हती.

मग एका सकाळी वरून सहा बदके उतरली. पाण्यावर आधी पाय घासले, मग पंख मिटले. थोड्या वेळाने ती हळू शिटी आली. दोकियाने मान शिटीच्या दिशेने वळवली. नेस्तोर दूर उभा राहून रडत होता. मलाही रडता आले असते तर किती बरे झाले असते!

दुपारी ती घरात गेली. सण होऊन महिना उलटला होता, तरी तिने कणीक भिजवली. संध्याकाळच्या उन्हात ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नवे पाखरू होते. मनुकांचा एक डोळा वर आणि एक खाली बसला होता. ते तिने पाण्याच्या काठावर ठेवले. नेस्तोरला वाटले, आता सुटलो. पण दोकिया त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "दोन झाली. बाकीची?"

"मी एक्याऐंशी पार केली गं."

"म्हणून तर विचारतेय."

मित्रांनो, मला माफी मिळाली नाही, आणि ती मिळावी असा माझा हट्टही नाही. माझे एवढेच मागणे आहे. मातीला पाते लावण्याआधी, त्या मातीवर कोण राहते आणि तिच्याकडे रोज कोण बघते, त्यांना एकदा विचारा. आणि माझ्यासारखे एखादे जुने अवजार तुमच्या घरामागे पडले असेल तर त्याला भंगारात देऊ नका. ज्याने मोडले त्यालाच जोडायला लावा. त्याच्या चाकाला तेवढे वंगण घाला.

घरी जाण्याआधी दोकियाने माझ्या पात्यावर हात ठेवला होता. तो हात अजून कणकेचा होता. "तुझ्यावर माझा राग आहे," ती मला म्हणाली. "पण इतक्यात गंजून पडू नकोस. सात राहिलीत."