पाचवी ओळ

पेंटरच्या लेकीच्या वहीत चिठ्ठी आली ती अशी: ‘उद्या आपल्या पाल्याची प्रकृती बरी नसल्यामुळे तिने घरीच विश्रांती घ्यावी.’ खाली मुख्याध्यापकांची लफ्फेदार सही.

पेंटरने ती दोनदा वाचली. लेक समोर बसून दुसऱ्यांदा भात वाढून घेत होती.

“उद्या आजारी पडणार म्हणे तू,” तो म्हणाला.

“मी एकटीच नाही, शाळेतले आम्ही सात जण. उद्या तपासणी आहे ना! ज्यांना वाचायला वेळ लागतो ते सगळे आजारी.”

पाचवी ते आठवीची सरकारी शाळा ती. दरवर्षी तपासणीच्या दिवशी तिथे ही साथ यायची आणि दुसऱ्या दिवशी औषधाविना ओसरायची. आईबापही मुकाट्याने पोरांना घरी ठेवायचे. साहेबांपुढे अडखळून शोभा होण्यापेक्षा हे बरं, असं म्हणायचे. खोटं कशाला बोला, मागच्या वर्षी पेंटरनेही लेकीला घरी ठेवलंच होतं. पण तेव्हा शाळेच्या भिंतीवर त्याच्या हातची अक्षरं नव्हती.

यंदाच्या सुट्टीत त्याने तिथे पाच ओळी रंगवल्या होत्या. वर ठळक ‘आमची मूल्ये’, आणि खाली: खरे बोलू. प्रश्न विचारू. चुकायला घाबरणार नाही. एकमेकांना हात देऊ. एकही मूल मागे ठेवणार नाही. सुतळीला खडू चोळून रेघा आखल्या, प्रत्येक अक्षरावरून दोनदा ब्रश फिरवला, उन्हात पाठ भाजून निघाली. पाचवी ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याने ते टर्पेंटाइनवर ढकललं होतं.

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” बायको म्हणाली. “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“मागच्या वर्षी एक दिवस, यंदा एक दिवस. आपल्या पोरीला जमेत धरायचंच नाही असं ठरलंय त्यांचं. तिचा युनिफॉर्म काढून ठेव.”

सकाळी तो शिडी खांद्यावर टाकून शाळेत हजर. एका हातात पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे डबे, मागून लेक, वेण्या घट्ट बांधलेली. त्याने शिडी भिंतीला लावली, लेकीने ती खालून धरली. लेकीच्याच, सातवीच्या वर्गाच्या खिडकीतून पोरं माना लांब करून बघायला लागली.

मुख्याध्यापक धावतच आले. “अहो पेंटर, आज कसलं रंगकाम काढलंत? साहेब अकराला येताहेत!”

“रंगकाम नाही सर, दुरुस्ती. पाचवी ओळ पुसतोय. खोटं अक्षर माझ्या हातचं नको. बाकीच्या चारांचं तुम्ही बघा. पहिलीबद्दलही मला जरा शंकाच आहे.”

खिडकीत कोणीतरी फिसकन हसलं.

“मी काय हौसेनं करतो हे?” मुख्याध्यापकांचा आवाज खाली आला. “शेरा घसरला की नवे शिक्षक मिळत नाहीत, खोल्या मिळत नाहीत. शेवटी याच पोरांचं नुकसान ना?”

माणूस वाईट नव्हता, आणि बोलणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. पेंटरने क्षणभर विचार केला.

“मग असं लिहितो सर. ‘सात सोडून एकही मूल मागे ठेवणार नाही.’ जागा आहे, बसवतो.”

आणि त्याने ब्रश बुडवून ‘एकही’वर पांढरा पट्टा ओढला.

“थांबा! थांबा हो!” मुख्याध्यापकांनी दोन्ही हात वर केले. “तुमच्या लेकीला मी स्वतः पहिल्या बाकावर बसवतो. मग तर झालं? उतरा आता.”

पेंटरचा ऊर भरून आला. याचसाठी तर तो आला होता. त्याने ब्रश डब्यावर ठेवला आणि एक पाय खालच्या पायरीवर टाकला. पण लेक शिडीपुढून बाजूला होईना.

“बाबा, उतरू नकोस,” ती म्हणाली. “अजून सहा जण घरी आहेत.”

पेंटरला स्वतःची लाज वाटली. ते सहा त्याच्या डोक्यातही आले नव्हते. त्याने पाय परत वर घेतला आणि ब्रश उचलला.

“ऐकलंत ना सर?”

मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं, ओळीकडे बघितलं, कपाळाला हात लावला. मग शिपायावर ओरडले, “बघताय काय? सायकल काढा!”

“घरं मी दाखवते,” म्हणत पोरगी शिडी सोडून धावली आणि मागच्या सीटवर चढून बसली.

अकराला साहेब आले तेव्हा सातही ‘आजारी’ वर्गात होते, एक तर अनवाणीच. पेंटर बाहेर शिडीवर उभा राहून पुसलेला शब्द पुन्हा लिहीत होता. अर्धं लक्ष खिडकीतून आत.

साहेबांनी नेमकं त्याच्याच लेकीला उठवलं. ती पुस्तकावर बोट ठेवून वाचायला लागली. एक शब्द. मग थांबली. मग पुढचा. मुख्याध्यापक खिडकीशी घाम पुसत होते. मागे कोणीतरी हळूच शब्द सांगितला, तर तिने मान हलवून नको म्हटलं. पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. पहिला परिच्छेदही संपला नव्हता.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. पोरीने ते पाहिलं.

“साहेब, घाई असेल तर तुम्ही पुढच्या वर्गात जा,” ती म्हणाली. “मी धडा संपवूनच बसणार आहे.”

आणि तिने बोट पुढच्या शब्दावर ठेवलं.