उगवतीकडची सात पाखरं

गुरुवारी बेल्मिरो भलताच खुशीत होता. लेक घरी आली होती, मासा ताजा होता आणि चिडवायला धाकटी बहीण झुल्मिरा समोरच बसली होती. त्याला आणखी काय हवं!

चाळीस वर्षं त्यानं संग्रहालयाच्या लोकांना नदीकाठचं जंगल दाखवलं. पाखरं धरली, त्यांची कातडी सुकवली, पायांना चिठ्ठ्या बांधल्या. शाळा दुसरीपर्यंत. लेक जांदिरा मात्र त्याच पाखरांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाली. प्रबंधात एक वाक्य असं होतं, की बापलेकीत बारा वर्षं त्यावरून कुरबूर चालली होती. मुंग्यांच्या फौजेमागे फिरणारं ते बारकं पाखरू दोन्ही काठांवर एकच आहे, जात एकच, असं ती म्हणायची. बेल्मिरो म्हणायचा, दोन आहेत.

"इकडचं शेवटी सूर चढवतं, तिकडचं पाडतं," मासा खवलता खवलता तो आताही सांगत होता. "एकानं हाक मारली तर दुसरं ओ देत नाही. सख्ख्या बहिणी भांडल्या तरी इतकं ताणत नाहीत."

"झालं सुरू," झुल्मिरा म्हणाली. "काल माशाला पण हेच सांगत होता. म्हणून बिचारा गळाला लागला."

जांदिरा हसली. ती आली होती तीच मुळी चूक कबूल करायला. गेल्या महिन्यात ती पाखरांचा नकाशा करायला बसली, एकेका चिठ्ठीवरून एकेक ठिपका. बाबांच्या चिठ्ठ्यांवर उजवा काठ, डावा काठ असं कधीच नसे. या नदीवरचं कुणीच तसं बोलत नाही. उगवतीकडे, नाहीतर मावळतीकडे. पुस्तकात काठ ठरतो तो पाणी वाहतं तिकडे तोंड करून; नदी उत्तरेला वाहते, म्हणून प्रबंधाच्या वेळी तिनं सरसकट उगवतीकडचा तो उजवा काठ धरला. पण मोठ्या वळणावर नदी उलटी फिरून काही अंतर दक्षिणेला वाहते. तिथं उगवतीकडे येतो तो डावा काठ. तिथली सात पाखरं तिनं कागदावरच नदीपार केली होती. एवढं पाणी ओलांडायची त्या पाखराची छातीच नाही. तिच्या उजव्या काठावर राखी गळ्याची आणि तपकिरी गळ्याची पाखरं मिसळली होती ती अशी. सात ठिपके परत जागेवर नेले, आणि इकडे सगळी राखी, तिकडे सगळी तपकिरी.

"बाबा, ते मोठं वळण आठवतं?"

"न आठवायला काय? तिथं तुला मुंग्या चावल्या होत्या. असं बोंबललीस की दिवसभर एक पाखरू हाती लागलं नाही."

"अजून बोंबलतेच की," झुल्मिरा म्हणाली. "आता लॅटिनमध्ये."

बेल्मिरो इतका हसला की मासा हातातून निसटला. तेवढ्यात शेजारच्या अब्दियासनं होडीतून हाक मारली. त्याचं इंजिन पुन्हा रुसलं होतं. बेल्मिरो हात पुसत उठला.

"उद्या पलीकडे जाऊ या?" जांदिरानं विचारलं. नकाशा तिथंच उलगडून दाखवू, असं तिच्या मनात आलं.

"जाऊ की, डॉक्टरीणबाई. पण गप्प बसायचं."

सकाळी झुल्मिरानं दोनदा हाका मारल्या, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या, मग बेल्मिरो झोपायचा त्या टांगत्या झोळीपाशी गेली. कॉफी चुलीवर तशीच राहिली.

सातव्या दिवशीची प्रार्थना झाल्यावर सगळे ओसरीवर जमले. कसावाचा केक, कॉफी, आणि रिवाजाप्रमाणे गेलेल्याच्या गोष्टी. रडून झालं होतं, आता हसायची पाळी होती. बेल्मिरोनं मगरीला ओंडका समजून होडी कशी बांधली, तेही निघालं.

"माणूस सोन्यासारखा," अब्दियास म्हणाला. "पण त्या दोन पाखरांचा हट्ट काही सोडला नाही बरं! पोटच्या पोरीनं पुस्तकात लिहून खोटा पाडला, तरी म्हणे दोन."

सगळे मायेनं हसले. झुल्मिरासुद्धा. जांदिरानं कप खाली ठेवला. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. वर्षभरात नवा लेख छापला असता, कुठल्यातरी ओळीत बाबांचे आभार मानले असते, आणि या ओसरीवर तो कुणी वाचलाही नसता.

"अब्दियासकाका," ती उभी राहून म्हणाली, "चिठ्ठ्या बरोबर होत्या. मी चुकीच्या वाचल्या." मग ओसरीच्या खांबांना बांधलेल्या रिकाम्या झोळीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, पाखरं दोन आहेत. तुमचंच खरं होतं. हे मला गुरुवारीच सांगायचं होतं."